यंत्र बाहेर कसे येणार?

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांकडच्या घरांत स्वयंपाकघर उभे राहण्याचा एक क्रम आहे. आधी गवंडी येतो. तो कडप्प्याच्या उभ्या फरश्या सिमेंटमध्ये रोवून ओटा घालतो आणि वर ग्रॅनाइट चढवतो. मग प्लंबर नळ काढतो, इलेक्ट्रिशियन पॉइंट देतो, मेस्त खणांना दारे बसवतो. भांडी धुण्याचे किंवा कपडे धुण्याचे यंत्र सगळ्यांत शेवटी येते, बहुधा वास्तुशांतीच्या आसपास. कंपनीचा माणूस ते मोकळ्या ठेवलेल्या खणात सरकवतो, पाणी-वीज जोडतो, कागदावर सही घेतो आणि जातो. सात-आठ वर्षांनी हे यंत्र बिघडले तर ते बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न या पाच माणसांपैकी एकाच्याही वाट्याला आलेला नसतो. प्रत्येकाने आपापले काम चोख केलेले असते आणि तरी यंत्र अडकलेले असते.

आपण दुरुस्तीचा विचार करतो तेव्हा सुटा भाग मिळतो का, कारागीर येतो का, पैसे किती घेतो, एवढ्यावरच थांबतो. यंत्र ज्या खणात बसले आहे तो खण हिशेबात धरत नाही. माझे मत असे की ओट्यात बसवलेल्या यंत्राच्या बाबतीत दुरुस्ती होणार की नाही, हे निम्म्याहून अधिक त्या खणावर ठरते. खण ठरतो ओटा घातला त्या दिवशी, आणि त्या वेळी कोणाच्या डोक्यात दुरुस्ती नसते.

हा प्रश्न आत्ताच ऐरणीवर येण्याचे कारण आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत या दोन तालुक्यांतल्या बहुतेक घरांत ओट्याखाली गॅसचा सिलिंडर आणि पिठाचे डबे असत. फ्रिज बाहेर, चाकांच्या स्टँडवर उभा असे. गोदरेजने १९५८ साली भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली. पुढे घरोघरी फ्रिज आला तो असाच चार पायांवर मोकळा. तो पुढे ओढायचा, मागची जाळी पुसायची, बिघडला तर मागून उघडायचा. चाकांचा तो साधा लोखंडी स्टँड ही आपल्या घरांतली दुरुस्तीची सर्वांत शहाणी सोय होती, असे मी म्हणेन. आता ओट्याखाली डिशवॉशर आणि वॉशिंग मशीन, भिंतीतल्या कपाटात ओव्हन आणि मायक्रोवेव्ह, ग्रॅनाइटमध्ये कापून बसवलेला हॉब आणि त्यावर चिमणी असे स्वयंपाकघर मोर्जी-मांद्रेच्या भाड्याच्या घरांतही दिसते आणि साखळी-डिचोलीतल्या नव्या बंगल्यांतही. पेडण्यातल्या मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. त्या आगेमागे धारगळ, तुये, पार्से या पट्ट्यात भाड्याने देण्याजोगी घरे आणि फ्लॅट उभारण्याला जोर आला. अशा घरांत स्वयंपाकघर तयार करूनच मिळते. त्यातली यंत्रे आता दुरुस्तीच्या वयाला येत आहेत.

यंत्र नेमके कुठे अडते? सगळ्यांत जास्त वेळा जमिनीत. ओट्याखालच्या खणात टाइल घालायची नाही, कारण ती दिसणार नाही, असा हिशेब गवंडी आणि मालक मिळून करतात. खणातला कोबा तसाच राहतो आणि समोर टाइल व तिच्याखालचा माल मिळून दोन-तीन इंचांचा उंबरठा तयार होतो. यंत्र आत उतरवले जाते, त्याचे पाय फिरवून ते वर उचलले जाते, आणि मग ते खड्ड्यात उभे असल्यासारखे कायमचे आत राहते. जुन्या घरात टाइलवर टाइल घालण्याची पद्धत आहे, तिनेही हेच होते. यंत्र जागेवर असतानाच समोरची जमीन अर्ध्या इंचाने वर येते. उंबरठ्यावरून यंत्र काढायचे तर ते उचलायला हवे, आणि उचलायचे तर वर जागा हवी. वर असते ग्रॅनाइट. आपल्याकडे ओट्याची उंची साधारण ३२ ते ३४ इंच, म्हणजे ८१ ते ८६ सेंटिमीटर. सुटे डिशवॉशर किंवा वॉशिंग मशीन सुमारे ८५ सेंटिमीटर उंच असते. वरचे झाकण काढता आले तर डिशवॉशर ८२ पर्यंत उतरते. शिवाय ग्रॅनाइट जाड दिसावे म्हणून पुढच्या कडेला खालून दुसरी पट्टी चिकटवतात. शोभेची ती पट्टी दोन सेंटिमीटर खाली येते आणि दाराच्या चौकटीसारखी यंत्राच्या डोक्यावर बसते. आत जागा असते, तोंडाशी नसते.

दुसरी अडचण पाठीमागची. नळाचा अँगल कॉक आणि विजेचा सॉकेट, दोन्ही यंत्राच्या बरोबर मागे भिंतीत दिलेले असतात. म्हणजे पाणी बंद करायला यंत्र बाहेर काढायचे, आणि यंत्र बाहेर काढायला आधी पाणी बंद करायचे. पाइप गळायला लागला की अख्ख्या घराची टाकी बंद करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. यंत्राबरोबर येणारा पाण्याचा पाइप बहुधा दीड मीटरचा असतो. तो मागे आखूड वळणात दाबला गेला की यंत्र वीतभर पुढे येते आणि पाइपाला ताण बसून थांबते. खणाच्या बाजूंना सिलिकॉन, कडेला पांढरे सिमेंट, खाली स्क्रू मारलेली स्कर्टिंगची पट्टी, हे सगळे झुरळ आणि पाणी अडवण्यासाठी केलेले असते. दुरुस्तीच्या दिवशी ते फोडावेच लागते.

सगळ्या यंत्रांचे दुखणे मात्र सारखे नाही. त्या मानाने भिंतीतला ओव्हन गुणी असतो. त्याचे दार उघडले की चौकटीत दोन किंवा चार स्क्रू दिसतात. ते काढले की तीस-चाळीस किलोचे ते खोके पुढे सरकते. समोर त्याच उंचीचे टेबल लावले तर दोन माणसांचे काम. अडचण एवढीच, की पिन त्याच्या पाठीमागे लावलेली असते आणि वायर हातभर. हॉबची जाळी, बर्नर, जेट वरून निघतात, पण त्याला ग्रॅनाइटशी धरून ठेवणारे क्लँप आणि ठिणगीसाठीचा सेल खालून हाताळावे लागतात. तिथे मेस्ताने चमच्यांची ट्रॉली बसवलेली असते, तिच्यावर फळी ठोकलेली असते. चिमणीची मोटर वर असते आणि धूर नेणारा पाइप फॉल्स सीलिंगमधून गेलेला असतो. सीलिंगला झडप ठेवलेली नसेल तर पाइपाचा सांधा निसटला तरी कळत नाही, तेलकट वाफ वरच्या पोकळीत साचत राहते. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या पंपाची गाळणी अगदी खाली, पुढच्या बाजूला असते. नाणे, बटण, केस तिथेच अडकतात आणि पाणी निघत नाही. घरातल्या माणसाने दहा मिनिटांत करण्याचे हे काम. पण पुष्कळ घरांत स्कर्टिंगची पट्टी नेमकी त्या झाकणावर येते.

पूर्ण कपाटात लपवलेला फ्रिज मला या सगळ्यांत जास्त खटकतो. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकूनच थंडावा देतो. तिला खालून आत आणि वरून बाहेर अशी हवेची वाट लागते, आणि लपवून बसवण्यासाठीच बनवलेल्या फ्रिजबरोबर येणाऱ्या नकाशात ती वाट किती मोठी हवी ते लिहिलेले असते. आपल्याकडे मात्र साधा फ्रिज आणून त्याच्याभोवती प्लायवुडचे कपाट बांधण्याची पद्धत पडली आहे. कॉम्प्रेसर सतत चालतो, लवकर जातो, आणि गेल्यावर त्याच्यापर्यंत पोचायला कपाट मोडावे लागते.

इथल्या हवेने हे प्रश्न अधिक बिकट होतात. मोर्जी, हरमल, केरी या किनारपट्टीवर खारा वारा आहे. यंत्राचा पत्रा मागून आणि खालून गंजतो, म्हणजे जिथे डोळा पोचत नाही तिथूनच. पावसाळ्याच्या चार महिन्यांत बंद खणातली दमट हवा बाहेर पडत नाही. साधे प्लायवुड फुगते आणि खणाची रुंदीच कमी होते. आत जाताना सैल असलेले यंत्र दोन पावसाळ्यांनी घट्ट होते ते यामुळे. आयएस ७१० मानकाचे, उकळत्या पाण्यात टिकणारे प्लायवुड घेतले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. पण पैसे वाचवायचे तेव्हा लोक दाराला चांगले आणि आतल्या बाजूंना साधे प्लाय लावतात. यंत्राच्या दृष्टीने उलटे केले तर बरे. पाली सर्किटवर जाऊन मरतात, उंदीर पाइप कुरतडतात. मे-जूनच्या आणि परतीच्या पावसाच्या विजांनी सर्किट बोर्ड उडतात. पेडण्यातली कितीतरी घरे वर्षभर बंद असतात. माणसे मुंबईला, घर उघडते चतुर्थीला. अकरा महिने कोरड्या पडलेल्या यंत्राचा पंप धरतो, रबर कडक होते. घरात पंचवीस माणसे जमलेली असताना दुरुस्तीवाला हवा असतो, आणि त्या आठवड्यात तो कोणालाच मिळत नाही.

यंत्र हलवता येण्याचा प्रश्न दुरुस्तीपुरताही उरत नाही, हे पुराने दाखवले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणाचे पाणी सोडल्यावर डिचोली तालुक्यातले साळ आणि पेडणे तालुक्यातले इब्रामपूर अशी शापोरेच्या काठची गावे पाण्यात गेली. जुलै २०२१ च्या पुराने डिचोली, सत्तरी, पेडणे या तिन्ही तालुक्यांना झोडपले. रात्री पाणी चढू लागले की माणसे आधी धान्य आणि कागदपत्रे उचलतात, मग टीव्ही, मग जमल्यास फ्रिज बाकावर चढवतात. साठ-सत्तर किलोचे वॉशिंग मशीन ओट्याखाली बसवलेले असेल तर त्याला पाण्याच्या हवाली करण्यावाचून पर्याय नसतो. नदीकाठच्या घरात यंत्र ओट्याखाली बंद करू नये, हे मी कोणत्याही सोयीपेक्षा वर ठेवीन. ते बाहेर, मोकळे, थोड्या उंच चौथऱ्यावर असावे, मग स्वयंपाकघर जरा कमी देखणे दिसले तरी चालेल.

बाकीच्या घरांत मात्र ओट्याखालचे यंत्र आणि सोपी दुरुस्ती एकत्र नांदू शकतात. त्यासाठी परदेशी सामान लागत नाही. खणातली जमीन समोरच्या टाइलच्या बरोबरीने, एका पातळीत घ्यावी. दोन-तीन टाइलांचा खर्च तो काय. ग्रॅनाइटखाली, पट्टीच्या खालच्या कडेपासून मोजून, यंत्राच्या उंचीपेक्षा बोटभर जास्त जागा ठेवावी. यंत्राच्या खणापुरती ती शोभेची पट्टी लावूच नये. बाजूंना मिळून निदान एक इंच सुटावे. साठ सेंटिमीटरच्या यंत्रासाठी बरोबर साठचा खण करणारा मेस्त कौशल्य दाखवतो खरा, पण पुढचे यंत्र तो आधीच नाकारून ठेवतो. ओटा तीस-चाळीस वर्षे टिकतो आणि यंत्र दहा-बारा, तेव्हा एका खणात तीन यंत्रे नांदायची आहेत असे धरून माप घ्यावे.

नळ आणि सॉकेट शेजारच्या खणात आणावेत, मधल्या कडप्प्याला पिन आणि पाइप जाईल एवढे भोक ठेवून. भोक दगड बसवण्याआधी पाडून घ्यावे. नंतर पाडायला कोणी तयार होत नाही. सिंकखालचा खण यासाठी सर्वांत सोयीचा, मात्र सॉकेट वर आणि नळापासून लांब हवा, आणि त्याचा स्विच ओट्यावर, हात पोचेल असा. त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा, कारण ओल्या जागी लोखंडी यंत्र ओढायचे आहे. पाण्याचा पाइप यंत्र पूर्ण बाहेर येईपर्यंत पुरेल एवढा, आणि एकसंध. दोन पाइप जोडून लांबी वाढवली तर तो सांधा पुढेमागे भिंतीआड गळतोच. स्कर्टिंगची पट्टी क्लिपवर किंवा चुंबकावर बसवावी, म्हणजे हाताने निघेल. आणि भिंत बंद करण्यापूर्वी नळ-वायरींचे फोटो, शेजारी मापाची टेप धरून, काढून ठेवावेत. या एका फुकटच्या गोष्टीने किती टाइला वाचतात, ते ज्याने प्लंबरला अंदाजाने भिंत फोडताना पाहिले आहे त्याला सांगायला नको.

चाके लावावीत का, हा प्रश्न नेहमी निघतो. फ्रिजला लावावीत, डिशवॉशरलाही चालतील. वॉशिंग मशीनला लावू नयेत. त्याच्या आत तोल सांभाळायला काँक्रीटचे वजन असते, पिळण्याच्या वेळी पिंप मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेते, आणि तेव्हा त्याचे चारही पाय जमिनीवर घट्ट हवेत. त्याला काढताना पायांखाली गुळगुळीत प्लास्टिकच्या चकत्या सरकवणे हाच चांगला उपाय. काही डिशवॉशरांचे मागचे पाय पुढच्या बाजूने, खालचा स्क्रू फिरवून वरखाली करता येतात. घेताना एवढे विचारून घ्यावे.

यात एक खरा पेच आहे आणि तो मला सुटलेला वाटत नाही. पोचायला सोपी जागा म्हणजे फटी असलेली जागा, आणि आपल्या घरांत फट दिसली की उंदीर आणि झुरळे येणारच. सिलिकॉन मारणारा मेस्त वेडा नसतो. पाइपाच्या भोकाभोवती बारीक स्टीलची जाळी आणि स्कर्टिंगच्या मागे तीच जाळी लावून उंदीर थांबतात. झुरळे थांबत नाहीत. मला विचाराल तर झुरळांसाठी औषध मारावे, पण खण सील करू नये. ज्याच्या घरी सर्किट बोर्ड झुरळांनी खाल्ला आहे तो हे मान्य करणार नाही, आणि त्याचेही बरोबर आहे.

ओटा सिमेंटचा की सुट्या खोक्यांचा, यावरही मतभेद आहेत. सिमेंटचा ओटा स्वस्त, वाळवीला न जुमानणारा, पाण्याला न भिणारा; पण त्यातला कडप्पा एकदा रोवला की खणाची रुंदी कायमची. सुटे खोके हलतात, बदलता येतात. दमट हवेत मात्र त्यांचे आयुष्य प्लायच्या दर्जावर. १९२६ साली फ्रँकफुर्टमध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी मजुरांच्या घरांसाठी जे बांधीव स्वयंपाकघर आखले, ते सुमारे दहा हजार घरांत बसले. मापे ठरवून स्वयंपाकघर बांधण्याच्या त्या वाटेने जात युरोपात कपाट बनवणारा आणि यंत्र बनवणारा दोघेही साठ सेंटिमीटरच्या मापावर आले. आपल्याकडे यंत्र त्या मापाने आले, ओटा गवंड्याच्या फुटपट्टीनेच राहिला. मला यात मधला मार्ग पसंत आहे: ओटा सिमेंटचाच, पण यंत्रांच्या बाजूचा कडप्पा रोवण्याऐवजी ग्रॅनाइटला स्टीलच्या चौकोनी पाइपाचा आधार द्यायचा आणि मधली बाजू स्क्रूवर निघणारी ठेवायची. आपल्याकडचे फॅब्रिकेशनवाले हे काम सहज करतात. दारे-खिडक्यांसाठी ते रोज हेच करत असतात.

कायदा यंत्र आणि ओटा यांच्यातल्या या फटीपर्यंत अजून पोचलेला नाही. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीन आणि डिशवॉशरचे अनेक सुटे भाग, त्या मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर दहा वर्षे मिळत राहिले पाहिजेत आणि नेहमीच्या हत्यारांनी बदलता आले पाहिजेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही यंत्रांवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण दहापैकी छापतात. २०२२ मध्ये डिशवॉशर त्यात आले. हे गुण माहितीपत्रकांना, सुटे करण्याच्या सोपेपणाला, भागांच्या उपलब्धतेला आणि किमतीला मिळतात. यंत्र खणातून बाहेर निघण्याला गुण नाहीत. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. घरगुती यंत्रे त्या चौकटीत आहेत. पण तिथेही कंपनी आणि ग्राहक एवढेच दोन पक्ष. गवंडी, मेस्त आणि बिल्डर चित्रात नाहीत.

बिल्डरला चित्रात आणण्याची एक वाट मात्र आहे. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या कारागिरीत, दर्जात किंवा सेवांच्या तरतुदीत दोष आढळला तर तो बिल्डरने तीस दिवसांच्या आत विनामूल्य दूर करायचा असतो. तयार स्वयंपाकघरासह विकलेल्या फ्लॅटमध्ये पाण्याचा नळ यंत्राच्या मागे चिणलेला असेल, तर तो या कलमात बसणारा दोष धरला जावा, असे मला वाटते. धारगळ-तुयेच्या बाजूला फ्लॅट घेणाऱ्याने ताब्याच्या दिवशी रंग आणि टाइल बघण्याबरोबर यंत्र एकदा बाहेर ओढून दाखवायला सांगावे. स्वतः घर बांधणाऱ्याला मात्र हा कायदा उपयोगी नाही, आणि पेडणे-डिचोलीत अजून बहुतेक घरे तशीच होतात.

म्हणून कारागिरांकडे वळावे लागते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आयएफबीचा वॉशिंग मशीनचा कारखाना आहे. म्हणजे यंत्रे गोव्यातच बनतात. पण पार्से किंवा लाटंबार्से इथे यंत्र बिघडले की माणूस बहुधा म्हापशाहून येतो, आणि यंत्र ओट्यातून निघत नाही असे दिसले की उद्या मेस्ताला बोलावून ठेवा म्हणून सांगून परत जातो. दोन हेलपाट्यांचे पैसे पडतात, आठवडा जातो. पेडणे आणि डिचोली, दोन्ही तालुक्यांत सरकारी आयटीआय आहेत. इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि सुतार यांच्या शिक्षणात एक सामायिक प्रात्यक्षिक घालावे: एक खरा ओटा, त्यात खरे डिशवॉशर, आणि ते एकट्याने, काही न फोडता, बाहेर काढून परत बसवायचे. घरात म्हातारे आई-वडील दोघेच असतात, यंत्र ओढायला हात लावणारे दुसरे कोणी नसते, तेव्हा दुरुस्तीवाला एकटाच असतो, हे धरून ते शिकवले पाहिजे.

नियम म्हणून सुरुवात कुठून करायची, तर गॅसपासून. गॅसच्या नळीबाबत आपल्याकडे शिस्त आधीच आहे: नळी आयएसआय खुणेची, दीड मीटरहून लांब नाही, पाच वर्षांनी बदलायची, भिंतीतून किंवा फळीआडून न्यायची नाही, तपासणाऱ्याला सहज दिसली पाहिजे. सिलिंडर बंद खणात असेल तर त्याला तळाशी हवेची भोके हवीत, कारण हा गॅस हवेहून जड असतो आणि खाली साचतो. १४.२ किलोचा सिलिंडर घरातली कोणीही बाई बाहेर ओढू शकते, कारण तो दर दीड-दोन महिन्यांनी बदलावा लागतो आणि म्हणून त्याची जागा तशी आखलेली असते. ‘दिसली पाहिजे आणि हाताला लागली पाहिजे’ ही गॅसच्या नळीची अट पाण्याच्या पाइपाला आणि विजेच्या पिनेला लावायला नवा कायदा लागत नाही. ती ओट्याच्या अंदाजपत्रकात एका ओळीत लिहून गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि मेस्त या चौघांना एकाच दिवशी, दगड बसवण्याआधी, जागेवर बोलावले की पुरते.